बेपत्ता माणसाचा शर्ट

न्याय आता प्रत्येकाच्या दाराशी येईल, असं छत्तीसगढचं नवं राज्य झालं तेव्हा रायपुरात दर मंचावरून सांगत होते. माझ्या दाराशी तो आला नाही. मीच त्याला सायकलरिक्षात बसवून बूढापाऱ्यात सासूच्या दाराशी नेलं. न्याय म्हणजे कोर्टाचा शिपाई, मांडीवर खळीचा डबा घेतलेला.

नवरा घर सोडून गेल्याला काही वर्षं झाली होती. मला घटस्फोट हवा होता. पण आधी त्याला नोटीस पोचायला हवी, आणि तो सापडत नव्हता. शेवटी कोर्टाने सांगितलं, वर्तमानपत्रात छापा आणि त्याच्या जुन्या घराच्या दाराला चिकटवा. घर दाखवायला मी.

त्या दिवशी नेमकी कमरछठ होती. आया मुलांसाठी उपास करतात आणि पूजा झाली की ओल्या पांढऱ्या मातीत बुडवलेली चिंधी मुलाच्या पाठीवर थोपटतात. रीत छत्तीसगढी, पण सासरच्या मराठी घराने ती कधीच आपली केलेली. सासू दारातच उभी होती.

"कुठं आहेत ते?" मी विचारलं.

"मले काय मालूम? बायकोले सांगून गेला नाही, मले सांगून जाईन?"

अंगणातल्या दोरीवर निळा शर्ट होता. पाठीवर मातीचे ठसे, अजून ओले. सासूला मूल एकच.

"आणि हे?"

"पोट्टा घरी नाही, तं शर्टालेच थोपटलं. आईचं मन तुले काय समजणार!"

समजलंही असतं. पण तो शर्ट मी कधी पाहिला नव्हता, आणि त्याच्या बगला घामाने भिजलेल्या होत्या.

"अंदर कोई है क्या, अम्मा?" शिपायाने विचारलं.

"भगवान हैं."

शिपायाने हात जोडले आणि नोटीस चिकटवली.

समता कॉलनीतल्या माझ्या वकिलांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दीदी, कमीज को नोटिस नहीं दे सकते. और ज़्यादा मत ढूँढिए. मिल गया तो बरसों लटकाएगा." मग मला वकिलांचाही संशय येऊ लागला.

कोर्टात पुकारा झाला, कोणी आलं नाही. पुरेसे प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडला नाही, असं नमूद होऊन एकतर्फी निकाल लागला. मी सुटले.

निकालाची नक्कल घ्यायला गेले, तर खिडकीशी माझ्यापुढे निळा शर्ट उभा. दुसरं लग्न करायचंय म्हणून नक्कल हवी, असं तो बाबूला सांगत होता. त्याला ती माझ्याआधी मिळाली.