वसंतकाका गातात का, हे बघायला

बस सुटताना बाबा खिडकीखाली उभे होते. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पिशवीतली आगळाची (कोकमाच्या खारट रसाची) बाटली उभी ठेव, आणि वसंता गाताना बघून ये, नुसते फोटो बघून येऊ नको.

वसंतकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. लालबागच्या चाळीत वाढले, तरुणपणी जर्मनीला गेले आणि तिथल्या ऑपेरात, म्हणजे सबंध गाण्यातच चालणाऱ्या नाटकात, बॅरिटोन म्हणून गायले, असं ते सांगतात. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला, जडसर आवाज. आमच्यापैकी कोणी त्यांना गाताना ऐकलेलं नव्हतं. मुंबईत परतल्यावर यंदा ते गणपतीला गावी आले, तर आरतीत त्यांचे नुसते ओठ हलत होते, असं आई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना सांगितलं की सुमनला, माझ्या धाकट्या बहिणीला, बारावीनंतर मुंबईला पाठव, मी तिला गाणं शिकवतो. राहायला परळची मावशी आहेच, फी नको.

फी नको म्हटल्यावर बाबांचा संशय वाढला. फुकट कोण काय देतं? सुमन मात्र तेव्हापासून रोज एकदा तरी विचारायची, काय ठरलं. शेवटी ठरलं ते असं की मी जाऊन बघून यायचं आणि मी सांगेन तसं करायचं. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मी, तेव्हा खरंखोटं मला कळेल, असं बाबांना वाटतं. मला गाण्यातलं काही कळत नाही, हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण राहिलं.

दादरला उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पुलाखाली झेंडूचे ढीग पडले होते आणि लोक त्यांच्यामधून वाट काढत होते. पिशवी ओली लागली म्हणून उघडून पाहिली. आगळ सांडलं होतं आणि माझा एकुलता एक बरा शर्ट गुलाबी झाला होता. बाटली आडवी कधी झाली, कळलं नाही.

काकांचं घर हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघून हसले, गळ्यापाशी बोट नेलं आणि आत बोलावलं. बोलले काहीच नाहीत. चहा झाल्यावर कुजबुजल्यासारखं म्हणाले, "उद्या गिरगावात कार्यक्रम आहे. आज बोलणं बंद."

मला ते पटलं नाही. गाणारा माणूस बोलायलाही घाबरतो?

भिंतीवर फोटो होतेच. एकात काका भाला घेऊन उभे, एकात पांढरी दाढी लावलेली, एकात काळा झगा आणि हातात खंजीर. सगळ्या फोटोंत मध्यभागी दुसराच कोणी गोरा तरुण. हा कोण, असं मी विचारलं. "नायक," काका हळूच म्हणाले. "तो उंच आवाजाचा असतो. माझ्या आवाजाला बाप आणि बदमाश." मी मान हलवली. मनात आलं, फोटोत भाला धरून कोणीही उभं राहू शकतं.

दुपारी मी बाजारातून बांगडे आणले आणि आईनं शिकवल्याप्रमाणे तिरफळं घालून कालवण केलं. काकांनी ताटातल्या कालवणाला बोटही लावलं नाही. दहीभात खाल्ला. देवगडच्या बाजूचा माणूस आणि बांगड्याला नाही म्हणतो! मला आता त्यांच्या कोकणीपणाचीही शंका यायला लागली.

संध्याकाळी परळला मावशीकडे गेलो. काकांची जुनी चाळ तिथून जवळच, लालबागच्या गल्लीत. आता तिच्या शेजारी इतका उंच टॉवर आहे की चाळीच्या गॅलरीत दुपारीच सावली येते. तिथे मावशीनं मला एका म्हाताऱ्या बुवांकडे नेलं. गिरणी चालू होती तेव्हा ते चाळीचं भजनी मंडळ चालवायचे. बारीला (दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्याला) लोक ट्रकमधून यायचे, असं त्यांनी बराच वेळ सांगितलं. मग मी मुद्द्यावर आलो.

"वसंतो?" बुवा म्हणाले. "होतो ना तो आमच्यात. पण गाणारो नाय हां. झांज वाजवायचो."

"गायचे नाहीत? का?"

"आम्ही लावू काळी चारात, उंच पट्टीत. ह्येचो आवाज वर जायचोच नाय. खाली गुरगुरायचो. सगळ्यांचो सूर बिघडवी. म्हणून हातात झांज दिली." आणि हसत मावशीला म्हणाले, "जर्मनीत झांजेक भारी मागणी दिसता."

मावशीही हसली. मला हसू आलं नाही. बाबांना काय सांगायचं ते जवळजवळ ठरल्यासारखं झालं होतं आणि सुमनचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर गिरगावात गेलो. फणसवाडीच्या बाजूला एका संस्थेचं लहानसं सभागृह आहे, लाकडी बाकांचं. एक मुलगी पियानोपाशी बसली आणि तालीम सुरू झाली. काका हात खिशात घालून उभे राहिले आणि पुटपुटू लागले. वरचा सूर आला की तो सोडून खालचाच लावायचे. कधी नुसता श्वास घ्यायचे आणि तिला पुढे जा अशी खूण करायचे. तिसऱ्या बाकावर बसूनही मला शब्द नीट ऐकू येत नव्हते.

मी बाहेर आलो आणि फोन काढला. बाबांचं नाव समोर होतं. पण बाबांनी सांगितलं होतं, गाताना बघून ये, आणि हे गाणं नव्हतं. निदान मला तसं वाटलं. मी फोन खिशात टाकला आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. दिवसभर चौपाटीवर बसलो. गुलाबी शर्टाकडे लोक बघत होते.

संध्याकाळी मी काकांचा शर्ट घालून गेलो. त्यात मी दोनदा मावलो असतो. सभागृह अर्धंच भरलं होतं. व्यासपीठावर माईक नव्हता, तेव्हा आता हे उघडे पडणार, असं वाटून मला त्यांच्यासाठी आधीच लाज वाटायला लागली. काका आले, हात खिशात नव्हते. पियानोचे चार सूर झाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

आवाज त्यांच्याकडून आला असं मला आधी वाटलंच नाही. बाकाच्या पाठीला माझा हात टेकला होता, त्या लाकडातून तो मला लागला. भाषा कळत नव्हती. मुलीला परत न्यायला आलेला एक बाप होता, एवढं आधी सांगितलं होतं. तो रागावत नव्हता, विनवत होता. वरचे सूर, सकाळी सोडलेले, आता सगळे होते. माझ्या पुढची बाई टाळ्या वाजवायचंही विसरली.

नंतर आम्ही जवळच्या खानावळीत बसलो. काकांनी सुरमईचं तिखट कालवण मागवलं आणि वाटी पुन्हा भरून घेतली. मी धीर करून विचारलं, सकाळी का नाही गायलात?

"आवाज म्हणजे काय नळाचं पाणी आहे, सोडला की आला? तालमीत अर्ध्या आवाजात जागा बघून घ्यायच्या, श्वास बघायचा. सगळेच तसं करतात. आवाज संध्याकाळसाठी ठेवायचा, आणि तिखट गाण्यानंतर." मग त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "सकाळी तुझं तोंड बघितलं मी. बापाला फोन केलास?"

"नाही."

"बुवांना भेटलास म्हणे. ते म्हणाले ते खरंय. तिथे माझा आवाज चुकीचाच होता. दादरच्या चर्चमध्ये एका सरांना खालचा आवाज हवा होता, म्हणून मी सुटलो."

मग मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. सुमनच का?

"आरतीत मी गप्प होतो ना? तिचं ऐकत होतो. तुझ्या बापाची उंच पट्टी तिला झेपत नाही. ती खालून गाते, पोरी हसतात, मग ती गप्प होते." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "तिच्या हातात काय होतं, आठवतं?"

मला आठवलं. झांज होती.

"मी काही वचन देत नाही," काका म्हणाले. "मी स्वतः कित्येक वर्षं भाला धरून उभा होतो. बापाचं काम मिळालं तेव्हा केस पिकायला लागले होते. पण तिला झांज देऊन बसवू नका."

गावी पोचलो तो गुरुवार होता. बाबा अंगणातच भेटले. काका गातात, एवढंच मी म्हणालो. मोठ्यानं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माईक नव्हता. बुवांचं, भाल्याचं, काकांनी वचन न दिल्याचंही सांगितलं, काही लपवलं नाही. फुकट का शिकवतात, ते मला आता थोडं कळल्यासारखं वाटतं. पण सुमनचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि ती शंका जात नाही. वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगावं.

संध्याकाळी गुरुवारच्या आरतीला सुमननं सवयीनं झांज उचलली. मी हात पुढे केला. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग झांज मला दिली. बाबांनी घसा खाकरला आणि आरती नेहमीपेक्षा बरीच खालून सुरू केली.

मला झांज वाजवता येत नाही. त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.