एडविन आजोबांच्या केबिनचा पिवळा रंग

हे मी कुणाला सांगायचं नाही असं कबूल केलेलं आहे. पण ज्यांना कळता कामा नये त्यांना मराठी वाचता येत नाही, आणि पोटात ठेवून ठेवून मला आता धड जेवण जात नाही. म्हणून लिहिते. हसायचं असेल तर हसा, फक्त हळू हसा. ती माणसं इथून दहा पावलांवर आहेत.

आधी माझ्याबद्दल. मी बोलत नाही. म्हणजे येतं मला, पण तोंडापर्यंत आलेलं वाक्य मी पुन्हा एकदा तपासायला आत पाठवते, आणि ते बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो. सहावीत हजेरीला मी 'हियर' इतक्या हळू म्हणायचे की एकदा सलग तीन दिवस माझी गैरहजेरी लागली. मी तिन्ही दिवस पहिल्या बाकावर होते!

तर आमच्या शाळेत प्रत्येकाला काही तास समाजकार्य करावं लागतं. मैत्रिणींनी लायब्ररी घेतली, वृद्धाश्रम घेतला. माझ्यासाठी आईने माणसं कमी आणि लाकूड जास्त असं काम शोधून काढलं. "तुला बरं पडेल मृणू," ती म्हणाली. "लाकूड काही विचारत नाही."

आम्ही राहतो त्या ब्रॉसार्डहून ट्रेनने नदी ओलांडली की माँट्रियलमध्ये एक जुना कालवा लागतो. त्याच्या काठावरच्या एका शेडमध्ये एका बोटीची केबिन ठेवलेली आहे. नुसती केबिन, पुढची बोट नाही. इंग्लंडच्या कालव्यांतून पूर्वी सात फूट रुंदीच्या लांबलचक बोटी कोळसा न्यायच्या, आणि बोट चालवणारं अख्खं कुटुंब मागच्या केबिनमध्ये राहायचं. केवढी असेल ती? आमच्या बेसमेंटमधल्या लाँड्रीच्या खोलीएवढी! त्यात चूल, एका कपाटाचं दार खाली पाडलं की टेबल, दुसऱ्याचं पाडलं की पलंग.

ही केबिन मूळच्या इंग्लंडच्या एडविन आजोबांच्या आईवडिलांची. बोट तिकडे भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी केबिन तेवढी कापून घेतली आणि जहाजातून इकडे आणली. ते स्वतः तिच्यात कधी राहिले नाहीत. कुटुंब कालवा सोडून घरात राहायला गेलं, त्यानंतरचा त्यांचा जन्म. त्यांची मोठी बहीण डोरीन मात्र आठ वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. त्या अजून इंग्लंडमध्ये असतात. आजोबांना एकच ध्यास: केबिन आतून जशी होती तशीच करायची आणि डोरीनला तिच्यात बसवायचं.

पण आतला मूळ रंग कोणता? वर नंतरच्या मालकांनी चढवलेले सात-आठ थर. डोरीनआजींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "इतकी वर्षं झाली एडी, नाही रे आठवत."

थर खरवडायला आम्ही तिघं. आजोबा, मी आणि क्लोदेत मॅडम. मॅडमनी जन्मभर जुनं फर्निचर दुरुस्त केलंय, आणि त्या प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवतात. आजोबांना 'मृण्मयी' म्हणता येईना, म्हणून ते मला 'डक' म्हणतात. त्यांच्या गावाकडे लाडाने असंच म्हणतात म्हणे.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली, ती नेमकी शनिवारी. आमच्याकडे त्या दिवशी लॅपटॉप, गाडी, बाबांचं बर्फ काढायचं फावडं, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. मी निघाले तर आई दारात आडवी.

"तुझी हत्यारं कुठायत?"

"शेडमध्ये. आई, माझी ट्रेन!"

"मग तिथे लाव. ही घे पुडी. ज्या हत्याराने आपण काम करतो, त्याला आज नमस्कार करायचा असतो. दोन मिनिटांचं काम."

"बट देअर आर पीपल, आई!"

"मग पीपल बाहेर गेले की लाव. आणि पाणी थोडंच घे, नाहीतर ओघळ येतात."

दुपारी आजोबा आणि मॅडम कॉफी आणायला गेले. मी पुडी सोडली, खरवडणीला आणि ब्रशला हळदीकुंकू लावलं, हात जोडले. आणि मग माझ्या मनात आलं, हत्यारांना लावलं आणि केबिनला नाही? तिला काय वाटेल? (हळू हसा म्हटलं ना!) टेबलाच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, मी सकाळीच वीतभर चौकोन, मधले थर न बघताच, अगदी लाकडापर्यंत खरवडला होता. तिथे दोन टिळे लावले. एक हळदीचा, एक कुंकवाचा.

ओघळ आला. बाहीने पुसला तर चौकोनभर पसरला. त्या कोरड्या लाकडाने हळद अशी पिऊन टाकली, जणू त्याला कित्येक वर्षांत कुणी पाणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात पावलं वाजली. मी दार लावलं आणि पुडी मोज्यात कोंबली.

पुढच्या शनिवारी पोचले तर शेडमध्ये आरडाओरडा.

"डक! डक, हे तू केलंस!"

'सॉरी' मी ओठांपर्यंत आणलं.

"अगं, तू शोधून काढलास मूळ रंग!"

'सॉरी' पुन्हा आत गेलं.

क्लोदेत मॅडम डोक्याला टॉर्च बांधून कपाटात अर्ध्या घुसल्या होत्या. "रगार्द! हा बघ, वरून चढवलेला नाही, लाकडाच्या रेषांत मुरलाय. पहिला थर! पिवळा!" मग त्यांनी कापसाच्या बोळ्यावर साबणाचं पाणी घेतलं आणि डागावर फिरवलं. आता, ज्यांच्या पांढऱ्या शर्टावर कधी वरण सांडलंय त्यांना पुढचं माहीत आहे. हळदीला साबण लागला की काय होतं?

"मों द्यू!" मॅडम किंचाळल्या. "पिवळ्याच्या खाली लाल!"

आजोबा एका डब्यावर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. सांगा, अशा वेळी 'आजोबा, हे आमच्या देवघरातलं आहे' असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाला असता. मी नाही म्हणाले. मी मान डोलावली. मान!

त्यांनी तिथूनच इंग्लंडला फोन लावला. स्पीकरवर.

"डोरीन, आतून पिवळा होता का गं? पिवळा, लाल पट्ट्यांचा?"

मी मनात घोकत होते, नाही म्हणा आजी, नाही म्हणा.

"हो, एडी," आवाज आला. "पिवळाच. अगदी पिवळा. आता आठवलं."

झालं!

हिवाळाभर मी दर शनिवारी ट्रेनमध्ये वाक्य तयार करायचे. पहिल्या शनिवारी अस्तराचा हात मारून झाला. मग पिवळ्याचा पहिला हात. मग दुसरा. मग लाल पट्ट्या. पट्ट्या सरळ याव्यात म्हणून टेप कोण धरून होतं? मी! घरी आई विचारायची, "कसं चाललंय गं?" मी म्हणायचे, "गुड."

एप्रिलमध्ये शेडच्या दारावर एक पाटी लागली. त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं की या केबिनचा मूळ रंग मृण्मयीने शोधला. आजोबांनी माझं नाव कुणाकडून तरी नीट लिहून घेतलं होतं. एकही अक्षर चुकलेलं नाही. ते वाचलं आणि मला राहवेना. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. फावडं, पुडी, ओघळ, बाही, मोजा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण, आणि त्यात मी स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

मॅडमनी खरवडणी घेतली, पलंगाखालचा कुणी हात न लावलेला कोपरा गाठला आणि खरवडत गेल्या. हिरवा, निळा, करडा, आणि सगळ्यात खाली तपकिरी. चहा करपून पातेल्याच्या तळाला बसतो ना, तसा. मग त्यांनी वहीत फ्रेंचमध्ये एक ओळ लिहिली. मला फ्रेंच येतं. 'हळद. दोन टिळे. वय पंधरा.'

मला वाटलं, आजोबा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते त्या तपकिरी ठिपक्याकडे वाकून खूप वेळ बघत राहिले.

"डक, डोरीन ब्याऐंशी वर्षांची आहे. तिकडे सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटलीय की तिला पिवळा आठवतो. आता तिला खोटं पाडू मी?"

"पण आजोबा, तुमची केबिन..."

"तिला कळता कामा नये. प्रॉमिस?"

आणि त्यांनी ब्रश घेऊन तो ठिपका स्वतःच्या हाताने पिवळ्याने झाकला. इतकी वर्षं जो रंग ते शोधत होते, तो त्यांना जेमतेम पाच मिनिटं बघायला मिळाला. माझ्यामुळे. त्या दिवशी ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तरी म्हटलं होतं, पाणी थोडं घे."

आणि आज डोरीनआजी आल्या आहेत. विमानातून उतरून थेट इथे. काठी टेकत आत शिरल्या, टेबलाच्या फळीवरून हात फिरवला, चारी बाजूंनी बघितलं. "एडी, हुबेहूब!" आजोबा कॅमेरा आणायला गाडीकडे गेले. मी चहा घेऊन आत गेले, तर आजींनी माझं मनगट धरून मला खाली वाकवलं.

"तूच ना ती? एक सांगते, पोटात ठेव. आमची केबिन तपकिरी होती."

मी कप टेबलावर ठेवला.

"खरंच आठवत नव्हतं गं मला. पण एडीने फोनवर 'पिवळा' म्हटलं आणि त्याच क्षणी तपकिरी लख्ख आठवला. पण तो रडत होता. मी काय म्हणणार? आता एवढी मेहनत केलीय त्याने. जरा भडक आहे, पण त्याला सांगू नकोस हं. प्रॉमिस?"

बघा! दोघांनाही तपकिरी हवा होता, आणि दोघंही एकमेकांसाठी पिवळ्यात बसायला तयार होती. मधलं एक वाक्य फक्त माझ्यापाशी होतं. मी सरळ उभी राहिले. तोंड उघडलं. आणि म्हणाले, "साखर किती घालू?"

मग बाहेर येऊन या बाकावर बसले आणि हे लिहायला घेतलं. पण आता ठरलं. आजोबा परत आत गेलेत, दोघंही आत आहेत. हा परिच्छेद संपला की उठायचं, आत जायचं आणि...

थांबा, आजोबांची हाक आली.

"डक! उरलेल्या पिवळ्या रंगाचा डबा कुठाय? डोरीनच्या किचनसाठी पाठवायचाय!"

नाही, आता मात्र बोललंच पाहिजे. त्यांना स्पष्ट सांगते की आजोबा, तो डबा खालच्या फळीवर, डावीकडे, मीच झाकण घट्ट लावून ठेवलाय.