बिले म्हणजे वेढा

बोटी दुरुस्त करण्याच्या त्या आवारात सगळे तिला आत्याच म्हणत. मालक तिचा थोरला भाऊ. पण उतारावरून बोट पाण्यात सोडताना दोर सांभाळायचा तो आत्यानंच. तिथं दादाही लुडबुड करत नसे.

वडील जन्मभर जहाजांवर राबले होते. इंग्रज खलाशांचा एक जुनापुराणा शब्द ते घरी घेऊन आले: बिले. दोर खुंटाला गुंडाळायचा, तरी ‘बिले’. भावंडांची जुंपली, तरी ‘बिले!’, म्हणजे पुरे, थांबा. आई वैतागून विचारायची, “कुणाची बिलं आली म्हणून ओरडताय?”

दादाचा जावई नुकताच कामाला लागला होता. दादानं त्याला एका वाक्यात शिकवलं, “बिले म्हणजे थांब. एवढं कळलं तरी पुष्कळ.”

त्या सकाळी मोठी बोट उतरत होती. दोराचा खुंटाला जेमतेम एक वळसा, टोक आत्याच्या आणि जावयाच्या हातांत, मागे जमिनीवर उरलेल्या दोराची वेटोळी. अचानक बोटीखालचा ठोकळा निसटला. बोट सुसाट सुटली, दोर सरसर पळू लागला. आणि बघायला पुढे सरसावलेल्या दादाचा पाय नेमका वेटोळ्यात!

“बिले!” दादा किंचाळला.

जावयानं आज्ञाधारकपणे दोर सोडून दिला.

आता दोर एकट्या आत्याच्या हातांत होता. तळवे सोलवटत होते, मागून दादा फरफटत येत होता. अंग झोकून तिनं खुंटावर एक वळसा टाकला. मग आणखी एक. दोर करकरला, खुंटातून धूर निघाला, आणि बोट थांबली. दादा खुंटापासून हातभर अंतरावर पडला होता.

इस्पितळात दादाच्या घोट्यावर शस्त्रक्रिया चालू होती. बाहेर जावई पांढराफटक पडला होता.

“आत्या, थांब म्हणाले म्हणून थांबलो हो मी.”

“दोर थांबवायचा होता, जावईबापू. तुम्ही नाही.”

त्यानं मोबाइलवर शब्द शोधला. जुन्या इंग्रजीत मूळ अर्थ वेढणं. त्यावरून खलाशांचं दोर गुंडाळून पक्का करणं. पक्का झालेला दोर हलत नाही, म्हणून पुढे ‘थांब’.

“दादानं तुमच्या हाती अर्थाचं नुसतं शेपूट दिलं,” आत्या म्हणाली.

पाय वाचला, पण चाल लंगडी राहणार होती. शुद्धीवर येताच दादा कडाडला, “जावयाला घरी बसवतो!”

“वेटोळ्यात पाय कुणी घातला?” आत्यानं विचारलं.

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, “शिकव त्याला.”

आत्याचे हात पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. पुढची बोट जावयानं सोडली. ती शेजारी स्टुलावर बसून होती, डोळे त्याच्या पायांवर.