लोणारचा काळा गाळ आणि मी उघडलेलं झाकण

"मामा, लोणारले येता का? गाळ आणाचा हाय," भाचीचा, पल्लवीचा फोन. देवदर्शनाला नेणारे ढीगभर भेटतात, चिखल आणायला नेणारी ही एकटीच. दुकानाला कुलूप घातलं!

मलकापूर, बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. पहाटेच निघा, घाट थंडाव्यात संपतो. चिखलीला आलूबोंडे खाल्ले. दोघांचं शंभराच्या आत भागलं.

गाडीत पल्लवीने शिकवणी घेतली. युरेनियम कणभर सगळीकडेच असतं. तळ्याच्या तळाशी, हवा नसलेल्या काळ्या गाळात ते घट्ट चिकटून बसतं. हवा लागली की रूप बदलतं आणि लोणारसारख्या खारट, सोड्याच्या पाण्यात विरघळून वाट फुटेल तिकडे जातं. पीएचडीसाठी तिला ते रूपच बघायचं होतं. म्हणून गाळ बंद नळीतच हवा.

पायऱ्या उतरलो. वास असा, की नाक म्हणालं आलोच मी घरी जाऊन! पण ते हिरवं गोल पाणी पाहून मी वेड्यासारखा हसत सुटलो. पल्लवी काठच्या पाण्यात नळ्या दाबत होती, भरलेल्या माझ्याकडे देत होती.

मी जन्मभर कापसाचा दलाल. माल ओला दिसला की गाठोडं सोडून हवा द्यायची, हात आपोआप जातो. गेला, एका नळीच्या झाकणावर.

"मामा! काऊन उघडली?"

"ओली दिसली बिचारी, म्हटलं वाळीन."

ती मटकन बसली. परवाना आजचाच, आणि त्या जागचा गाळ नसेल तर वर्षभराचं काम अडणार. सोबत दिलेला वनरक्षक घड्याळ दाखवून म्हणाला, "पाचले वर पाह्यजे, शेठ."

मी पँट गुडघ्यावर सारली आणि उतरलो.

"काऊन हो, अर्धं तळं घरी नेता का?" वनरक्षक काठावरून.

"जागा हाय गाडीत!"

मांडीपर्यंत रुतलो, पल्लवीने कॉलर धरली, दोघांनी मिळून नळी दाबली. काठोकाठ भरली. झाकण तिनेच लावलं. पाचला दहा कमी असताना, धापा टाकत, खिदळत आम्ही वर. परतीला सीटबेल्ट नळ्यांना, मी मागच्या सीटवर.

घरी पँटचा वास तीन धुण्यांत गेला. महिन्याने फोन आला. "मामा, बंद नळ्यांतलं युरेनियम गाळाले धरून हाय. तुमची मी मुद्दाम उघडीच ठेवली होती, तिच्यातलं पाण्यात उतरून राह्यलं. दोन्ही शेजारी मांडल्या, तवा कुठं हवेनं फरक पडते हे माह्या गाईड सरांले पटलं."

इतकी वर्षं धंदा केला. मी बिघडवलेला माल कोणी जपून ठेवल्याचं हे पहिल्यांदाच ऐकलं.