सुषमाताईने वाचून दाखवलेलं पुस्तक

बऱ्हाणपूर सोडलं त्या दिवशी गाडी पाऊण तास लेट होती. फलाटावर सोडायला चौघं आली होती. आई, बाबा, खंडव्याच्या सासरहून मुद्दाम आलेली सुषमाताई आणि माझा शाळेपासूनचा मित्र विनोद, जवळच्या निंबोला गावचा. बोलायचं ते घरीच बोलून झालं होतं, त्यामुळे त्या पाऊण तासात कोणाला काही सुचेना. दराब्याच्या मिठाईचा डबा बॅगेत नीट बसलाय की नाही, हे आईने तीनदा पाहिलं. बाबा म्हणाले, "पोचला की फोन कर. मग रोज नाही केला तरी चालेल." ताईने खिडकीतून हात घालून माझी कॉलर सरळ केली, आणि गाडी हलली. मला रडू आलं नाही. प्रवासाच्या गडबडीमुळे असेल, असं तेव्हा वाटलं.

आता कॅनडात, कॅल्गरीत, अकरा वर्षं झाली. ऑफिस, ग्रोसरी, लॉन्ड्री, दारातला बर्फ काढणं, यात दिवस जातात. वाईट काही नाही. कोणी विचारलं तर मी "ऑल गुड" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. तुमच्यातले जे असे निघून आलेत त्यांना हे माहीत असेल. जे मागे राहिलेत त्यांना ते नीट सांगता येत नाही.

मी आठवीत होतो तेव्हा इंदूरच्या मामाने रद्दीच्या दुकानातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि फासे टाकत पुढे जायचं, असा तो खेळ होता. कव्हरवर लाल ड्रॅगन, आत काळ्या शाईची चित्रं. भुयारं, सांगाडे, दगडी पायऱ्या, आणि एका पानावर हातात मशाल घेऊन भुयाराच्या तोंडाशी उभी असलेली मुलगी. आमची शाळा हिंदी मीडियम, आम्हाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ती म्हणाली, "मला येतं इंग्रजी. मी वाचते, तुम्ही खेळा."

वीस बाजूंचा फासा आमच्याकडे कुठला? स्टीलच्या डब्यात एक ते वीसच्या चिठ्ठ्या घातल्या. विनोद शनिवारी शाळा सुटल्यावर शेवटच्या बसपर्यंत आमच्याकडे थांबायचा. ताई वाचायची आणि तो बाजूला बसून वहीत चित्रं उतरवायचा. ताईच्या गोष्टीत एका शहराच्या पोटात पाण्याची भुयारं होती, अगदी आपल्या बऱ्हाणपूरच्या जुन्या कुंडी भंडाऱ्यासारखी. मशालवाली मुलगी एका पाणक्याची लेक होती. शहराचं पाणी आटत चाललेलं, आणि ते जिथे जन्मतं ती जागा शोधायला ती एकटी खाली उतरलेली. आम्ही तिचे सोबती. मी तलवार चालवायचो. विनोदला मारामारी आवडायची नाही, तो नकाशे काढायचा. दोन वर्षं आम्ही त्या भुयारात चाललो. मग ताईचं लग्न ठरलं, कॉलेज सुटलं, आणि गोष्ट मध्येच राहिली. पुस्तक ती सोबत घेऊन गेली.

मी इथे आल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात ताई गेली. साधा ताप म्हणाले होते, तो चौथ्या दिवशी डोक्यात गेला. बाबांचा फोन आला तेव्हा माझी मीटिंग चालू होती. "सुषमा गेली. तू येऊ नको, पोचणार नाहीस," एवढंच ते म्हणाले. मी परत जाऊन बसलो, माझी पाळी आल्यावर रिपोर्टही वाचला. घरी येऊन भात लावला. नंतर कळलं की सासरच्यांनी तिचे कागद, पुस्तकं सगळं रद्दीत घातलं. त्यात ते पुस्तकही होतं का, हे मी विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसमधली मुलं मला जुन्या खेळांच्या एका दुकानात घेऊन गेली. काचेच्या कपाटात तोच लाल ड्रॅगन होता. ते पुस्तक मी विकत घेतलं. घरी येऊन, जाकीट न काढता, पहिल्या पानापासून वाचायला बसलो. बत्तीस पानं. एक खोली, वीस फूट बाय तीस. चार राक्षस. कोपऱ्यात पेटी. दुसरी खोली, तीन राक्षस. आटणारं शहर नाही, पाणक्या नाही. ती मुलगी नुसती चित्रात आहे, मजकुरात तिचा उल्लेखसुद्धा नाही. मी दोनदा तपासलं. दोन वर्षं ताई जे वाचून दाखवत होती त्यातली एक ओळही त्या पुस्तकात नव्हती.

विनोद आता केळीची बाग बघतो. चित्रं काढत नाही. मी त्याला फोन लावला आणि सांगितलं की पुस्तक मिळालं, पण ताई वाचायची ते त्यात नाही. तो बागेतला पाईप बदलत होता, मागे पाण्याचा आवाज येत होता.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "ताई पन्ना पलटवायचीच नाही रे. एका पन्न्यावर घंटाभर वाचायची. मी बाजूलाच बसायचो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तिनं बंद केलं असतं."

मग त्यानेच विचारलं, "त्या पोरीला पाणी सापडतं का पण? तू वाचलं ना सगळं."

मी सांगितलं की पुस्तकात ती नाहीच. तो म्हणाला, "मग राहू दे," आणि मोटर बंद करायला गेला.

ताई गेल्यावर जे रडू यायला हवं होतं ते तेव्हा आलं नाही, आणि फोन ठेवल्यावरही आलं नाही. मी जाकीट काढलं, भांडी घासली. फक्त दुसऱ्या दिवशी डिसेंबरचं तिकीट काढलं. आई-बाबा आता इच्छापूरला काकांजवळ राहतात, शहरातलं घर विकून तीन वर्षं झाली. आईने विचारलं, आधी कुठे येशील? मी म्हटलं, स्टेशनवरून आधी निंबोल्याला जाईन, मग तुमच्याकडे. घर म्हणजे काय, हे मला आता पत्त्यावरून सांगता येत नाही. ताईची गोष्ट कुठपर्यंत आली होती, हे जगात दोघांनाच माहीत आहे, त्यातला एक निंबोल्याला आहे. मला तेवढंच घर दिसतं.