अडकलेला डावा बूट: अमरावती ते पातूर सायकलवर

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "काय हिंमत!" वगैरे म्हणायला नको. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि रक्ताच्या नळीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. अशा बाईने चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकलचे खास बूट घेतले, तेही पांढरे.

या बुटांच्या तळाला दोन स्क्रूंनी लोखंडाची छोटी पट्टी बसवलेली असते. तिला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि चढावर पायाचा जोर वाया जात नाही. सुटायचं असेल तर टाच बाहेर फिरवायची. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच आठवड्यात बडनेरा रोडच्या सिग्नलला माझी टाच फिरली नाही आणि मी सायकलसकट आडवी झाले. मागच्या ऑटोचं चाक माझ्या कोपरापासून हातभर लांब थांबलं. तेव्हापासून सायकल थांबवायची वेळ आली की मी श्वास रोखून धरते. नवरा, सुधीर, म्हणाला, "साधे पेडल लाव." माझी मैत्रीण अर्चना दहा वर्षं सायकल चालवते. ती म्हणाली, "साधे लावशीन तं जनमभर भेत राहाशीन. चाल पातूरकडे, तुह्या मामाच्या गावाले."

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. बडनेरा मागे पडलं की चौपदरी रस्ता लागतो. रस्ता झकास आहे, पण त्यावर फक्त आपणच नसतो. ट्रक शेजारून गेला की आधी हवा ढकलते आणि मग ओढते. हँडल घट्ट धरून मी मनातल्या मनात "टाच बाहेर, टाच बाहेर" असा जप करत होते. जाणाऱ्यांसाठी सांगते: पांढऱ्या पट्टीच्या डावीकडेच राहा, पण तिथे फुटक्या काचा असतात, तिकडेही नजर असू द्या. मूर्तिजापूरला आलुबोंडा-रस्सा खाल्ला. दोघींचं पोट शंभराच्या आत भरलं आणि रस्स्याने माझी भीतीही तासभर दबली. दुपारी दोनला अकोला आलं. शंभराच्या आसपास किलोमीटर झाले आणि मी एकदाही पडले नाही. स्टेशनजवळच्या लॉजवाल्याने सायकली जिन्याखाली ठेवू दिल्या.

दुसऱ्या दिवशी पातूर. अंतर तिसेक किलोमीटर, पण रस्ता अरुंद आणि ट्रक तेवढेच. लेणी बघितली. आत छान गार होतं. खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडलं ते पायरीवर पाय मोकळे सोडून बसणं. परतीच्या वाटेवर मामाच्या गावाचा फाटा लागतो. फाट्यापासून गावापर्यंत दोन किलोमीटर कच्चा रस्ता, आणि आदल्या रात्री तिथे पाऊस झालेला. ओली काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. शंभर पावलांत चाकं फिरायची थांबली. सायकली खांद्यावर घेऊन पोचलो तेव्हा माझ्या पांढऱ्या बुटांना रंग असा उरलाच नव्हता.

मामा फुलशेती करतो. झेंडू, शेवंती. वय सत्तरच्या पुढे. बूट बघून म्हणाला, "हे काय बाप्पा, हे जोडे हाय का ढेकळं?"

आता बुटांबद्दल थोडं, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिंथेटिक बुटांना गरम पाणी चालत नाही, मशीन चालत नाही, आणि आपल्याकडचं ऊन तर मुळीच नाही. तळाचा गोंद सुटतो. काळी माती ओली असताना पुसलीत तर ती जाळीत जाऊन बसते. आधी सावलीत वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशने झाडा. नंतर साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून फडक्याने पुसा. आतला सोल काढून वेगळा वाळवा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. शेवटी क्लीटच्या कडेने पेनाने खूण करून ती काढा, खालची माती खरडा, पुन्हा खुणेवर बसवा आणि स्क्रू किल्लीने चांगले आवळा.

हे सगळं मी ओसरीवर बसून केलं. उजवा बूट पूर्ण झाला. डाव्याचे दोन्ही स्क्रू बोटांनी बसवले आणि किल्ली घेणार तेवढ्यात मामीची हाक आली.

"पोरी, ताट वाढलं. ऊठ."

मामाच्या घरी वाढलेलं ताट थांबवत नाहीत. दिवेलागणीला जेवतात आणि हाक आली की हातातलं टाकून उठतात. जेवून आवळते, असं म्हणत उठले. मग वांग्याची भाजी, भाकर, ठेचा, आणि मामाने सुरू केलेल्या गप्पा. भरल्या पोटी झोप लागली.

सकाळी उठून बघते तर मामा ओट्यावर बसलेला, समोर वाटीत जवसाचं तेल, मांडीवर माझे बूट.

"मामा, हे काय करून राहिले?"

"रस्त्याले निंगनाऱ्याच्या जोड्याले तेल लावून देतो मी. माह्या बापानं लावलं, मी लावतो. वाटेत जोडा चावत नाही. खाली खिळे दिसले, त्यायले बी पाजलं."

चामड्याला चालतं ते सिंथेटिकला चालत नाही. तेल जाळीत मुरतं आणि त्यावर धूळ बसते. पण मामाचं तोंड इतकं खुललेलं होतं की मी म्हटलं, "लय चमकले, मामा." एव्हाना वाळलेल्या कच्च्या रस्त्याने चालत फाट्यावर आल्यावर रुमालाने वरचं तेल पुसलं. तळाकडे बघितलं नाही.

पातूर-अकोला रस्त्याला लागून सातआठ किलोमीटर झाले असतील. पाणी प्यायला थांबावं म्हणून मी डावी टाच बाहेर फिरवली. बूट फिरला, आणखी फिरला, कधी फिरला नव्हता एवढा फिरला, पण सुटला नाही. पुन्हा फिरवली. पेडलमध्ये पट्टी जिथल्या तिथे आणि बूट तिच्यावर गोल फिरतोय. मी नेहमी डावा पाय टेकते, कारण डावीकडे रस्त्याची कड असते. उजवा सुटला असता, पण उजवीकडे झुकायचं म्हणजे ट्रकच्या अंगावर पडायचं.

"अर्चना! पाय निघत नाहीये!"

"घाबरू नको, चालवत राह्य!" ती मागून ओरडली.

चालवत राहिले. थांबले की पडणार, एवढंच डोक्यात होतं. पुढे बघितलं तर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलेलं. रस्त्याची डावी कड लांबपर्यंत पिवळी झालेली, आणि मागून ट्रकचा भोंगा. आज मी मरते, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. सुधीर आठवला नाही की देव आठवला नाही. फक्त ऑटोचं ते चाक आठवलं.

अर्चना माझ्या मागच्या चाकाला खेटून आली. "वर्षा, बूट राहू दे तिथंच! त्याचे पट्टे खोल अन् पाय काढ!"

हे मला सुचलंच नव्हतं. वाकले, सायकल डगमगली, वेल्क्रोचा एक पट्टा फर्रकन सुटला, मग दुसरा. पाय ओढला आणि मोज्यासकट बाहेर आला. मी सोयाबीनमध्ये घुसले आणि डावा पाय टेकला. शेंगांची टोकं तळव्याला टोचली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ट्रक निघून गेला.

सोयाबीन पसरवणारी बाई काठी टेकून बघत होती. "जोडा कुठी गेला वो, बाई?"

मी पेडलकडे बोट दाखवलं. ती हसत सुटली आणि मी रडत सुटले.

बूट हाताने पिरगाळून काढला, तेव्हा दिसलं की दोनपैकी एक स्क्रू गायब होता. एकाच स्क्रूवर पट्टी राहिली की बूट फिरतो, पण पट्टी सुटत नाही. "मामानं तेल पाजलं ना त्यायले," मी म्हटलं. अर्चनाने मान डोलावली. मग जीपमागे सायकली बांधून अकोला गाठलं आणि तिथून टेम्पोने घर. टेम्पोत पाण्याची बाटली शोधताना हाताला किल्ली लागली, आणि मला ओसरी आठवली. मी किल्ली परत पिशवीत टाकली आणि चेन ओढून घेतली.

घरी सुधीरलाही तेलाचीच गोष्ट सांगितली. गोष्ट होतीच तशी, हसत सांगण्यासारखी. त्याने ती फोनवर मामीला रंगवून सांगितली.

बूट आता ठीक आहेत. साबणाच्या पाण्याचे तीन हात दिल्यावर तेल निघालं, नवे स्क्रू बसवले, प्रत्येक वेळी निघण्याआधी किल्लीने तपासते. भीती गेली नाही. पण पाय बुटातूनही काढता येतो, हे कळल्यापासून मी सिग्नलला श्वास घेते. मला वाटलं होतं, या सहलीचं एवढंच शिल्लक राहील.

सुधीरच्या त्या फोननंतर दोन दिवसांनी मामाचा फोन आला.

"पोरी, पायाले लागलं तं नाही ना?"

"नाही मामा."

"माह्या तेलानं तुले काई झालं अस्तं तं..." तो थांबला. "काल जावई निंगाला. जोडा समोर होता. हातच नाही लावला म्या."

मला तेव्हा जी भीती वाटली ती ट्रकचा भोंगा ऐकूनही वाटली नव्हती. मी म्हणाले, "मामा, तेलानं नाही झालं. स्क्रू मीच सैल ठेवले होते. जेवून आवळते म्हटलं अन् विसरले. मले माहीत होतं."



"मंग हे तुह्या मामीले सांग," मामा म्हणाला. "दोन दिवसांपासून ते माह्याशी बोलून नाही राह्यली."

मामी फोनवर आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.