राईतलं पान

आमच्या राईतून बाहेर पडताना पदर झटकायचा असतो. राई देवीची आहे, तिथलं वाळकं पानसुद्धा घरी न्यायचं नाही. आज नव्या रस्त्याची मोजणी करणारा माणूस झाडांवर चुन्याच्या फुल्या मारून बाहेर आला, तेव्हा मी कडेच्या दगडावर बसले होते. त्याच्या केसांत एक पान अडकलं होतं.

"दादा, ते पान ठेवून जा," मी म्हटलं.

"आजी, एका पानाचं काय एवढं?"

"एकाचंच सांगतेय. बाकीच्यांचं उद्या ग्रामसभेत बोलू."

तो हसला. पण मागे वळला आणि पान एका खोडाशी ठेवून आला. त्या खोडावर त्याचीच फुली होती.

तो गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. आत ऊन पाण्यासारखं हलत होतं. माझी आई इथंच पदर झटकायची, तिची सासूही. मला देवी कधी दिसली नाही. पण त्या झटकलेल्या पानांची माती झाली, आणि त्याच मातीतून पाझरणारं पाणी आमच्या विहिरीला येतं. वाटलं, त्या सगळ्या बाया अजून तिथं उभ्या आहेत, आणि त्यांच्या पदरांतून पानं गळतायत ती संपतच नाहीत.

उद्या मला बोलायला सांगितलंय. भाषण मला येत नाही. एवढंच म्हणेन, रस्ता राईतून न्यायचा तर न्या, पण बाहेर पडताना त्यालाही झटकायला लावा. एक पानही बरोबर जाता कामा नये.